नुसतं बघायचं असतं

भूतानमध्ये भारतीय माणसाकडून दर रात्रीचे बाराशे रुपये घेतात. शाश्वत विकास शुल्क असं त्याचं भारदस्त नाव आहे. हॉटेल, गाडी, जेवण सगळं वेगळं. हे बाराशे नुसते तिथे असण्याचे. माझा नवरा आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासून निवृत्त झालेला. सीमेवरच्या फुंटशोलिंग गावाच्या कमानीतून आत शिरतोय न शिरतोय, तोच त्याने मांडणी केली : माणशी तासाला पन्नास. तो, मी आणि माझ्या मोठ्या नणंदबाई मिळून दीडशे. "म्हणजे झोपलो तरी मीटर चालू," तो म्हणाला. पुढे आम्हाला जे जे भोगावं लागलं त्याचं मूळ या वाक्यात आहे.

कमानीच्या अलीकडे आपलं जयगाव. हॉर्न, रिक्षा, भजी, धूळ. पलीकडे एकदम चिडीचूप, आणि घड्याळ अर्धा तास पुढे. नवऱ्याने घड्याळ बदललं नाही. "आपला अर्धा तास कशाला सोडायचा?" त्यामुळे सगळ्या सहलीत तो प्रत्येक ठिकाणी अर्धा तास उशिरा तयार व्हायचा आणि वर आम्हालाच "किती घाई" म्हणायचा.

आम्ही निघालो होतो पारोचा त्सेचू बघायला. गुरू पद्मसंभव, तिकडे ज्यांना गुरू रिंपोचे म्हणतात, त्यांच्या नावाने भूतानच्या जवळजवळ प्रत्येक खोऱ्यात हा उत्सव होतो. पारोचा वसंतात येतो, थिंफूचा पावसाळा सरताना. पारोचा त्यांच्या दुसऱ्या महिन्यात एकादशीपासून पौर्णिमेपर्यंत चालतो. वन्सं घरून दाते पंचांग घेऊन आल्या होत्या. भूतानच्याही पंचांगात एखाद्या तिथीचा क्षय होतो आणि एखादी तिथी दोनदा येते, हे गाइडने सांगितल्यावर त्या इतक्या खूश झाल्या की अख्ख्या दोचुला घाटात त्यांनी त्याची तोंडी परीक्षा घेतली. वर एकशे आठ चोर्तेन म्हणजे स्तूप, समोर हिमालय, आणि या विचारताहेत, "मग तुमच्याकडे संकष्टीचा चंद्रोदय कोण काढतं?"

पारोच्या आधी पुनाखा झालं. तिथे चिमी ल्हाखांग नावाचं देऊळ आहे, द्रुक्पा कुनले या पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या अवलिया साधूचं. मूल व्हावं म्हणून बायका तिथे येतात. वाटेवरच्या गावात घरांच्या भिंतींवर पुरुषलिंगाची चित्रं. लहान नाहीत, दारापासून छपरापर्यंत, रंगीत, काहींना रिबिनी बांधलेल्या. नवऱ्याला अचानक भातशेतीत प्रचंड रस निर्माण झाला. तो रिकाम्या वाफ्यांकडे बघत चालू लागला. मी वन्संच्या तोंडाकडे बघायचं टाळत होते. त्या थांबल्या, चष्मा पुसला, भिंत नीट बघितली आणि म्हणाल्या, "शंकराचंच ना? मग तुम्ही दोघं असे का चाललाय?" देवळात भिक्षूने डोक्याला लाकडी लिंग टेकवून आशीर्वाद दिला तेव्हा त्यांनी पदर घेऊन नमस्कार केला. वय वर्षं एकाहत्तर, नातू इंजिनिअरिंगला. "लागू पडलं तर बघू," असं म्हणून त्या पुढे झाल्या.

पारोत पहिल्या दिवसाचे नाच रिनपुंग झोंगच्या आतल्या चौकात होते. झोंग म्हणजे किल्ला, मठ आणि कलेक्टर कचेरी एकाच भिंतीआड. आत जाताना स्थानिक पुरुषांनी घो म्हणजे गुडघ्यापर्यंतचा झगा आणि त्यावर कबने म्हणजे उपरणं घ्यायचं, बायकांनी किरा म्हणजे अंगाभोवती गुंडाळायचं पायघोळ वस्त्र, आपण निदान अंगभर कपडे घालायचे. आणि डोक्यावर काही नको. नवऱ्याची माकडटोपी दारातच उतरली. ही टोपी तो ऑक्टोबर ते मार्च जळगावातसुद्धा घालतो, जिथे थंडी पडल्याची बातमी येते, थंडी येत नाही. इथे खरीखुरी हिमालयातली थंडी, आणि टोपी खिशात.

मग नाच. मला वाटलं होतं मुखवटे, ढोल, तासाभरात चहा. पण हा कार्यक्रम आपल्यासाठी चाललेला नसतो. रुंद काळ्या टोप्यांचे शानाग नर्तक येतात, जड रेशमी झग्यात एक पाय उचलतात, गिरकी घेतात, तो पाय ठेवतात, दुसरा उचलतात. दर गिरकीला वाटतं आता संपलं. संपत नाही. आपल्याकडच्या आभारप्रदर्शनासारखं ते पुन्हा उभं राहतं. फरसबंदीवर मांडी घालून बसलेली मी एकेका सांध्याची हजेरी घेत होते. शेवटी गाइडला विचारलं, "ये कब तक चलेगा?" तो अत्यंत प्रेमाने म्हणाला, "मॅडम, शाम तक. समझना ज़रूरी नहीं. सिर्फ देखने से पुण्य मिलता है."

हे नवऱ्याने ऐकलं आणि घात झाला. तासाला पन्नास रुपयांत अखंड पुण्य! त्यानंतर तो जागचा हलेना. मला स्वच्छतागृह शोधायला जायचं होतं तर म्हणाला, "मध्यंतरापर्यंत थांब." मध्यंतर नव्हतं.

खरी करमणूक अत्सारांची. लाल मुखवटा, लांब नाक, हातात परत तेच लाकडी प्रकरण. हे विदूषक भिक्षूंच्या नाकासमोर भिक्षूंची नक्कल करतात, नर्तकाचा सुटलेला पट्टा बांधून देतात, गर्दी मागे रेटतात आणि पर्यटकांना छळतात. एका अत्साराने नवऱ्याला हेरलं. टोपी नसल्यामुळे टक्कल उन्हात छान चकाकत होतं. त्याने पाठीमागून येऊन त्यावर ते लाकडी शस्त्र हळूच टेकवलं, आजूबाजूच्या आज्या पदराशिवाय हसू कसं लपवायचं ते न कळून मोकळ्या हसल्या, आणि मग त्याने हात पुढे केला. दक्षिणा! नवऱ्याने आधी इकडेतिकडे बघितलं, मग वीसची नोट काढली. भूतानचा ङुलट्रम आणि आपला रुपया एकाच भावाचा, त्यामुळे "सुटे नाहीत" म्हणायचीही सोय नाही. "वीस आणि पन्नास, सत्तर झाले या तासाचे," तो पुटपुटला.

पुढे रक्षा मांगचम आला तेव्हा मात्र तो गुडघे विसरला. मेल्यानंतरचा न्याय. यमराजाची भली थोरली मूर्ती, भोवती प्राण्यांच्या मुखवट्यांचे दूत, एक पांढरा देव मेलेल्याची बाजू मांडतो, एक काळा राक्षस पापं काढतो, तराजूत पांढरे आणि काळे खडे पडतात. मेल्यावर हे सगळं समोर आलं की माणसाने घाबरू नये, ओळखावं, म्हणून जिवंतपणीच दाखवून ठेवतात. नवरा पुढे सरकून बसला. "दोन्ही पक्षांना म्हणणं मांडायची संधी आहे," तो समाधानाने म्हणाला. "पावत्या मात्र कोणी मागत नाही." पहिला पापी नरकात रवाना झाला तेव्हा वन्संनी भावाकडे असं पाहिलं की त्याने वीस रुपयांचा विषय परत काढला नाही.

जेवणात एमा दात्शी. मिरची तिथे मसाल्यात नाही, भाजीत मोडते. मिरच्यांची भाजी, चीजमध्ये. आम्ही खानदेशी, ठेच्यावर वाढलेली माणसं, तेव्हा माघार शक्य नव्हती. त्याविषयी एवढंच पुरे.

आणि शेवटच्या दिवसाची पहाट. पहाट कसली, रात्रीचे अडीच. नवऱ्याच्या मनगटावर दोन. त्या दिवशी अंधारात थोंगद्रेल उलगडतात. रेशमी तुकडे जोडून केलेलं, कित्येक मजले उंच गुरू रिंपोचेंचं चित्र. सूर्याची किरणं त्यावर पडायच्या आत गुंडाळून ठेवायचं. बघितलं की सुटलात, जन्मोजन्मीचं पाप फिटतं अशी श्रद्धा. तिथी जुळून आली होती, आपलीही चैत्री पौर्णिमाच होती. जळगावात वन्सं या वेळेला मारुतीच्या देवळात जन्माला जायच्या. इथे सुंठवड्याची डबी पर्समध्ये टाकून उठल्या, त्यांना वेगळं काही वाटलंच नाही.

मैदानावर हीऽऽ गर्दी. सगळी कुटुंबं ठेवणीतल्या किरा-घोमध्ये, चटया, डबे, पेंगणारी पोरं. शेजारच्या आजींनी वन्संना डोमा दिला, त्यांचा विडा. ओली सुपारी, चुना, पान. वन्संनी सुंठवडा दिला. दोघींची एकही भाषा जुळत नव्हती आणि दोघी सारख्या बोलत होत्या. डोम्याने अंग तापतं म्हणे. मी आणि नवरा दात वाजवत उभे, आणि वन्संनी शाल काढून माझ्याकडे दिलेली, कपाळावर घाम.

मग शिंगं वाजली, कापड वर सरकू लागलं, सगळीकडून एकदम पुटपुट सुरू झाली आणि माझ्यापुढे शे-दोनशे मोबाईल वर गेले. मी टाचा उंचावल्या. एक डोळा दिसला, एक हात दिसला. वन्सं आजींचं बोट धरून गर्दीत शिरल्या आणि थेट रांगेत उभ्या राहून कापडाच्या कडेला डोकं टेकवून आल्या. नवरा दोन्ही हात वर करून फोटो काढत होता, डोळे स्क्रीनवर. चित्र परत गुंडाळायला लागले तेव्हा त्याने फोन खाली केला.

"मैंने तो फोन में ही देखा," तो गाइडला म्हणाला. आवाजात काळजी होती. "चलेगा ना?"

गाइडने थोडा विचार केला. "सर, फोन को मिल गया होगा."

हॉटेलवर येऊन त्याने फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. मी बघितला. त्यात पुढच्या माणसाचा हात, हातातला मोबाईल, आणि त्या मोबाईलच्या स्क्रीनवर अत्यंत स्पष्ट, झळझळीत गुरू रिंपोचे. पाच मिनिटांत जळगावहून नमस्कारांची रांग लागली, अंथरुणातून, बिनशुल्क. नवरा ते मोजत बसला होता, तेवढ्यात वन्संच्या मुलाचा मेसेज आला : "मामा, हा कुठला फोन आहे? कॅमेरा मस्तंय."