रेडिओ केंद्राच्या ‘भरती’बाबत खुलासा

आपल्या सामुदायिक रेडिओ केंद्रात ‘500 रुपये भरा आणि निवेदकाची सरकारी नोकरी मिळवा’ असा संदेश तालुक्यातील व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरत आहे. तो चुकीचा आहे. केंद्राच्या कार्यक्रम समितीचा सदस्य या नात्याने स्पष्ट करतो की, आम्ही केवळ स्वयंसेवकांना आवाहन केले असून त्यासाठी ना शुल्क आहे, ना वेतन. भारत सरकारच्या धोरणानुसार अशी केंद्रे शैक्षणिक वा सामाजिक संस्था चालवतात आणि किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक पातळीवर तयार व्हावे लागतात; म्हणूनच जात्यावरच्या ओव्या घरी जाऊन ध्वनिमुद्रित करणारी आणि त्यांतली पंख्याची घरघर काढून संकलन करणारी माणसे आम्हाला हवी आहेत. (बातमीदार नकोत, स्वतःच्या बातम्या देण्याची आम्हाला मुभाच नाही.) तो संदेश कृपया पुढे पाठवू नये आणि कोणालाही पैसे देऊ नयेत.