आजी, नानावटी आणि तो टॉवेल

नानावटी खटला मी पहिल्यांदा आजीकडून ऐकला. गिरगावातली तिची चाळ, संध्याकाळची भाजी निवडणं, आणि दर वेळी तीच गोष्ट. २७ एप्रिल १९५९. नौदलातले कमांडर कावस नानावटी बायकोमुलांना मेट्रो थिएटरला सोडतात, बोटीवर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतात आणि बायकोचा प्रियकर प्रेम आहुजा याच्या घरी पोचतात. तीन गोळ्या. मग स्वतःच पोलिसांपुढे हजर. "एवढा सरळ माणूस," आजी म्हणायची, "त्याला कसली शिक्षा?"

तेव्हा दोषी की निर्दोष हे सामान्य नागरिकांची ज्युरी ठरवायची. तिच्या नऊजणांपैकी आठांनाही तसंच वाटलं. निर्दोष, आठ विरुद्ध एक.

संपादक करंजियांच्या 'ब्लिट्झ' या साप्ताहिकाने ज्युरीची डोकी फिरवली, हे तेव्हापासून ऐकतोय. चार आण्यांचा अंक दोन रुपयांना जायचा म्हणे. असेलही. नानावटी नायक, आहुजा खलनायक हे मुंबईत कोर्टाआधीच ठरून गेलं होतं. असं शहर पेटलेलं असताना कोरी पाटी असलेली नऊ माणसं आणायची कुठून? ज्याने काहीच ऐकलं नाही तो निःपक्षपाती, ही व्याख्या मला कधीच पटली नाही. १९५९ च्या मुंबईत ज्याला नानावटी माहीत नाही, त्याच्या हातात मी साधा भाजीचा हिशेबही देणार नाही.

पण एक गोष्ट सगळे विसरतात. सत्र न्यायाधीशांना निकाल पटला नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. हायकोर्टाने १९६० मध्ये जन्मठेप दिली, पण त्याआधी सत्र न्यायाधीशांनी ज्युरीला केलेल्या मार्गदर्शनातल्या चुकाही दाखवल्या. झटापटीत गोळ्या सुटल्या, अपघात होता, असं बचाव पक्ष म्हणत होता. तो अपघात होता हे दाखवायचं ओझं आरोपीवर असतं, हेच ज्युरीला नीट समजावलेलं नव्हतं. म्हणजे सगळं खापर पेपरवर फोडून कसं चालेल? प्रश्नच नीट विचारला नाही तर उत्तर काय येणार?

आणि पेपरने ज्युरीला भडकवलेलं नसताना तरी काय होतं? १९०८ चा टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला घ्या. ज्युरीत सात युरोपियन, दोन पारशी. लेख 'केसरी'तले, मराठीतले. ज्युरीपुढे मात्र इंग्रजी भाषांतर, तेही चुकीचं, असं टिळक कोर्टात ओरडून सांगत होते. निकाल सात विरुद्ध दोन. ते दोन कोण, हे सांगायला नको. तिथे कुणाला भडकवायची गरजच नव्हती, माणसं निवडतानाच काम झालं होतं. मला 'ब्लिट्झ'पेक्षा ही निवड जास्त भयंकर वाटते.

नानावटींमुळे ज्युरी गेली, असं व्हॉट्सॲपवर फिरतं, तेही अर्धवट. विधी आयोगाने ती बंद करा असं १९५८ मध्येच, म्हणजे गोळ्या सुटायच्या आधीच, सुचवलं होतं. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच उरली नाही. आता ज्युरी नाही, पण रात्री नऊला टीव्ही लावला की घराघरात बसतेच. आमच्याकडेही बसते, मीही त्यात असतो.

आजीला मी एकदा टॉवेलचं विचारलं होतं. आहुजा अंघोळ करून आलेला, कमरेला फक्त टॉवेल, आणि मेल्यावरही तो जागचा हललेला नव्हता. झटापट झाली तर टॉवेल सुटणार नाही का?

आजीने गवारीची शेंग मोडली. "घट्ट बांधला असेल मेल्याने."

ज्युरीत बसवायला याहून प्रामाणिक बाई मला माहीत नव्हती.