खुलासा: कान गार म्हणजे घोडा गारठला, असं नाही

‘घोड्याचे कान गार लागले की रात्री आणखी एक झूल चढवा,’ असा सल्ला सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे. थंडीत शरीर आतली ऊब राखतं, त्यामुळे कान गार पडतातच. हात झुलीखाली, खांद्यामागे घालून पाहा. तिथे ऊबदार आणि कोरडं लागलं तर पुरे. दमट लागलं तर झूल जास्त झाली. झुलीवर लिहिलेले २०० ग्रॅम म्हणजे दर चौरस मीटरमागचं आतलं भरण, अख्ख्या झुलीचं वजन नव्हे (हा घोळ फार जणांचा होतो). केस कातरलेल्या घोड्याला झूल हवीच. दाट हिवाळी केसांच्या धडधाकट घोड्याला तबेल्यात बरेचदा लागतही नाही. त्याची शेगडी पोटात असते: गवत पचताना उष्णता निघते. तेव्हा आधी रात्रीचं गवत वाढवा.