सोपी वाट, सहकुटुंब

‘सोपी वाट. सहकुटुंब जाण्यासारखी. मध्ये एक छोटासा ओढा लागतो.’ जंगलातल्या त्या पायवाटेबद्दल एवढंच लिहिलेलं होतं, आणि यातला ‘छोटासा’ मी नीट वाचला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. माणूस ‘छोटंसं’ कधी म्हणतो? सुई टोचण्याआधी डॉक्टर म्हणतात, आणि सुट्टीच्या दिवशी काम सांगण्याआधी साहेब म्हणतात.

जाऊन-येऊन ४ किलोमीटर अंतर, चढ १२० मीटर. मी गणित मांडलं. नेस्मिथ नावाच्या एका स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली हिशेब घालून दिलाय: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि चढ असेल तर दर ६०० मीटरला वर आणखी एक तास. म्हणजे चालीची ४८ मिनिटं आणि चढाची १२. बरोब्बर एक तास! आदल्या रात्री मी हे घरात जाहीर करून टाकलं.

नेस्मिथसाहेबांनी तो हिशेब धडधाकट पुरुषांसाठी मांडला होता. सहा वर्षांची मुलगी त्यात धरलेली नाही. ती दर वीस पावलांवर एक काडी उचलते, आणि आधीच्या काड्या टाकून न देता बाबांकडे सांभाळायला देते. बुटात खडा गेलाय म्हणून तीनदा वाटेत बसणारा मुलगाही त्यात नाही. तिसऱ्यांदा तर खडा निघालाच नाही, मोजाच उलटा घातलेला निघाला. पहिल्या अर्ध्या किलोमीटरला पन्नास मिनिटं लागली. माझी आई पुढे निघून गेली होती आणि एका बुंध्यावर बसून आमची वाट बघत होती.

मग ओढा आला.

ओढ्याच्या बाबतीत मात्र मी तयारीनिशी आलो होतो. सगळ्यांना काठावर उभं केलं आणि सुरुवात केली. “अरुंद जागा बघून फसायचं नाही. तेवढंच पाणी कमी जागेतून जाणार, म्हणजे तिथे ते खोल असणार आणि जोरातही असणार. रुंद आणि उथळ जागा शोधायची. पाण्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. अनवाणी उतरायचं नाही. तोंड प्रवाहाकडे, हातात काठी, आणि एका वेळी एकच पाय उचलायचा. पाठपिशवीचे पट्टे आधी सोडून ठेवायचे, म्हणजे पडलोच तर ती झटकन काढता येते.”

मुलगी पाण्यावर चालणारे किडे बघत होती. बायको समोरचा काठ बघत होती. आई माझ्याकडे बघत होती, मी गणितात नापास झालो होतो तेव्हा बघायची तशी.

“झालं तुझं?” ती म्हणाली. “मग ती काठी दे इकडे.”

आणि गेली की! चपलांसकट, घोटाभर पाण्यातून, मी दाखवलेल्या त्याच रुंद जागेवरून. मागून मुलीला कडेवर घेऊन बायको गेली, तिचा हात धरून मुलगा गेला. पाच मिनिटांत अख्खं कुटुंब पैलतीरी पोचलं. अलीकडे उरलो मी, पाठपिशवी, अकरा काड्या आणि सगळं ब्रह्मज्ञान.

आता मीही त्यांच्या मागून गुमान जायला हवं होतं. पण बूट नवे होते. जरा वरच्या अंगाला दगडांची एक रांग दिसली, आणि तिथून टुण्णकन उड्या मारत कोरड्या बुटांनी जावं अशी दुर्बुद्धी मला झाली. पहिला दगड ठीक होता. दुसऱ्यावर हिरवट मखमल होती. शेवाळं लांबून किती सुंदर दिसतं! तिसरा दगड नव्हताच, तो झोपाळा होता. एक पाय दुसऱ्यावर, एक तिसऱ्यावर, आणि मधलं अंतर हळूहळू वाढत चाललेलं.

“बाबा, तू व्यायाम करतोयस?” पलीकडून प्रश्न आला.

मी खाली बघितलं. पाणी काचेसारखं होतं, तळाचा वाळूचा कण न् कण दिसत होता. वीतभर असेल, उतरू. वरून सरळ बघितलं तर पाणी असतं त्याच्या पाऊण पटच खोल दिसतं, आणि तिरकं बघितलं तर त्याहूनही कमी. पेल्यात नाणं टाकून करतात तो प्रयोग शाळेत मी स्वतः करून दाखवलाय. तर वीतभराचं पाणी गुडघ्याला लागलं. थोडी लबाडी प्रकाशाची होती, बाकीची तळाच्या गाळाची. आणि मग मी बसलो. पडलो असं मी म्हणणार नाही. पडायला वेग लागतो. मी सावकाश, सगळ्यांना नीट दिसेल असा, कमरेपर्यंत बसलो.

पाठपिशवीचे पट्टे सोडायचे राहिले होते. घरच्यांचे कोरडे कपडे त्या पिशवीत होते. कपडे नंतरही तिथेच होते.

पलीकडे गेल्यावर बुटांतलं पाणी काढायचं होतं. ओल्या नाडीची गाठ ज्याने सोडवली असेल त्यालाच हे दुःख कळेल. नखं आखडलेली, गाठीचं टोक कुठलं नि फास कुठला कळेना, ओढावं तर आणखीच आवळते. शेजारी मुलीने चर्रकन पट्टा उघडून बूट काढलासुद्धा. तो वेल्क्रोचा पट्टाही जंगलातल्याच फेरफटक्याची देणगी. जॉर्ज द मेस्त्राल नावाच्या स्विस इंजिनियरच्या कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना १९४१ साली काटेरी फळं चिकटली, ती त्याने सूक्ष्मदर्शकाखाली धरली, आणि तिथून ही कल्पना निघाली. माझ्याही पँटला तसलीच फळं चिकटली होती. मी ती नुसती उपटत बसलो.

“बाबा, परत याच वाटेने जायचंय ना?” मुलाने विचारलं. आम्ही वाचलेल्या माहितीत हेही होतं, ‘जाऊन-येऊन’ या एका शब्दात.

परतताना आईने न बोलता काठी माझ्या हातात दिली. मी रुंद जागेवरून, नव्या बुटांसकट, सरळ पाण्यातून चालत गेलो. मिनिटभर लागलं असेल.

साडेतीन तासांनी आम्ही वाटेच्या तोंडाशी पोचलो. समोरून एक जोडपं येत होतं, बरोबर दोन लहान मुलं, आणि त्या गृहस्थाच्या पायात पांढरेशुभ्र बूट. त्याने थांबून विचारलं, “कशी आहे हो वाट? मुलांना जमेल ना?”

बायको माझ्याकडे बघायला लागली. आईसुद्धा.

“अगदी सोपी,” मी म्हणालो. वजन एका पायावरून दुसऱ्यावर घेतलं तशी बुटातून चुळुक झाली. “मध्ये एक छोटासा ओढा लागतो, बस.”