कुर्बानीचा दुसरा दिवस

२९ जून २०२३ रोजी आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकत्र आली, तेव्हा पंढरपूरसह राज्यातील अनेक गावांतल्या मुस्लिमांनी त्या दिवशी कुर्बानी न करण्याचे ठरवले. आमच्या जमातीनेही तेच ठरवले. सकाळी ईदगाहवर नमाज झाली, गळाभेटी झाल्या, बोकड मात्र दिवसभर अंगणात सुबाभळीचा पाला खात उभा होता. शेजारच्या काकूंनी साबुदाण्याची खिचडी पाठवली. रिकामे भांडे परत द्यायचे नसते, म्हणून अम्मीने त्यात उपवासाला चालणारा खजूर घातला. दुसऱ्या दिवशी, बारशीला, काकूंचे पारणे झाले आणि आमच्याकडे कुर्बानी.

या निर्णयाचे कौतुक झाले, पण आम्ही धर्म थोडा बाजूला ठेवला असे जे म्हटले गेले, ते मला मुळीच मान्य नाही. शरीयतच्या हनफी परंपरेच्या मतानुसार जिलहिज या इस्लामी महिन्याच्या १० ते १२ या तीन दिवसांत कुर्बानी करता येते. कोकणातील बहुतेक मुस्लिम ज्या शाफई मताचे आहेत, त्यात चौथा दिवसही चालतो. शेजाऱ्याचा मान राखण्याची सवड शरीयतमध्येच होती, आणि ज्याला आपला धर्म नीट ठाऊक आहे त्यालाच ती सापडते. मात्र हे आम्ही आपणहून केले, म्हणूनच त्याला मोल आहे. उद्या कोणी ते धाकाने करून घेऊ लागले, तर त्याला सलोखा म्हणता येणार नाही.

खरी अडचण मला घरातच दिसते. ‘धर्मात जबरदस्ती नाही’ ही कुरआनच्या दुसऱ्या सूरहमधील २५६वी आयत आपण इतरांना अभिमानाने ऐकवतो, पण आपल्यातल्याच कोणी वेगळा प्रश्न विचारला की ती आठवत नाही. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांनी तोंडी तलाकविरुद्ध सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत काढला. दलवाई श्रद्धावान नव्हते आणि मी आहे, त्यामुळे त्यांचे सगळे विचार मला पटणे शक्य नाही. पण त्या सात जणींचे गाऱ्हाणे खरे होते, आणि एका दमात दिलेला तलाक सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवेपर्यंत २०१७ साल उजाडले. ते काम आपल्या उलेमांनी श्रद्धेच्याच बळावर आधी करायला हवे होते.

कुर्बानीचा दिवस बदलणाऱ्या आमच्या बैठकीतही एकही बाई नव्हती, जरी गोश्ताचे वाटे घालण्यापासून ते घरोघरी पोहोचवण्यापर्यंतचे काम आम्ही बायकाच करतो. पुढच्या बैठकीला आम्हालाही बोलवावे, असे मी जमातीला लेखी कळवले आहे. उत्तर आलेले नाही; या जुम्म्यानंतर पुन्हा विचारणार आहे.