२८ चा ३० झाला, मग ब्रेसचा उपयोग काय?

काका, माझ्या मुलीच्या स्कोलिओसिसबद्दल, म्हणजे कणा बाजूला वाकण्याबद्दल, तुम्ही लिहिलंत की मी दोन वर्षं पोरीला त्या प्लास्टिकच्या ब्रेसमध्ये, म्हणजे धडाभोवती घट्ट बांधायच्या कवचात, कोंडून ठेवलं आणि एवढं करून कण्याचा वाक २८ अंशांचा ३० झाला म्हणजे ब्रेस फेलच, योगा आणि पोहणं पुरे होतं. राग नाही आला पण उत्तर देतेय, कारण हे वाचून एखादी आई ब्रेस माळ्यावर टाकून देईल.

अहो, वाक तेवढ्यावर थांबला हाच तर उपयोग! ब्रेस कणा सरळ करायला नसतो, उंची वाढायच्या वयात वाक वाढू नये म्हणून असतो. आणि दोन अंशांचं म्हणाल तर एक्सरेवर मोजतानाच पाचेक अंश इकडेतिकडे होतात. वाक ५० अंशांपार गेला की उंची थांबल्यावरही तो बहुतेक वेळा वाढतच राहतो, मग ऑपरेशनचं बोलणं सुरू.

ब्रेसशिवायही कित्येकांचं निभावतं हे तुमचं खरंय. अमेरिका-कॅनडातला २०१३ चा मोठा अभ्यास आहे त्यात ब्रेस न घातलेल्यांपैकी ४८ टक्के मुलं वाढ पूर्ण होईपर्यंत ५० च्या आतच राहिली, पण ब्रेसवाल्यांत ७२ टक्के, फरक इतका स्पष्ट दिसला की अभ्यास मुदतीआधीच थांबवला. आता माझी मुलगी त्या ४८ मधली का उरलेल्यांतली हे बाराव्या वर्षी मला कोण सांगणार होतं? ब्रेसमध्ये तापमानाचा सेन्सर बसवून तास मोजले होते त्यांनी, रोज सरासरी १३ तासांच्या वर घालणाऱ्यांत ९० टक्क्यांच्या वर मुलं वाचली ऑपरेशनच्या हद्दीपासून. सगळा खेळ तासांचा आहे काका.

आणि ते तास सोपे नव्हते हो. ठाण्यातला मे महिना, घामाने आतलं बनियन दिवसातून तीनदा बदलायचं, काखेखाली लाल वळ, तो अर्ध्या तासात फिका पडतोय का ते बघत मी घड्याळ लावून बसायचे, नाही पडला की ब्रेसवाल्याकडे जाऊन तेवढा भाग घासून आणायचा. पहिले पंधरा दिवस ती रात्री झोपेत वेल्क्रो सोडायची, तो चर्र आवाज आला की मला जाग यायची. पोहणं बंद नव्हतं, तेवढा वेळ ब्रेस काढायची. व्यायाम हवाच, पण ब्रेसच्या जागी नाही, ब्रेसबरोबर.

शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की नातीचाही एक खांदा खाली दिसतो. तिला पाय जुळवून, गुडघे न वाकवता पुढे वाकायला सांगा आणि मागे उभं राहून बघा, पाठीची एक बाजू उचललेली दिसली तर या महिन्यातच हाडांच्या डॉक्टरकडे न्या. योगा चालू ठेवा, पण न्या.