साखरेची वाटी

आमच्या आईच्या लाटण्याच्या एका टोकाचा टवका उडालेला होता. महागाईविरोधातल्या बायकांच्या मोर्चात थाळी बडवताना तो उडाला. थाळीलाही पोचा पडला होता. कोणी पाहुणी आली की आई दोन्ही काढून दाखवायची आणि म्हणायची, "मंत्रालयापर्यंत ऐकू गेलं असेल!"

गोरेगावची चाळ, १९७२-७३ची वर्षं. त्या वर्षीच्या दुष्काळाच्या आठवणी ज्यांच्याकडे आहेत त्यांना लाल मिलो ज्वारी वेगळी समजावून सांगायला नको. रेशनवर मिळायची, भाकरी थापली की कडेने फाटायची. रॉकेलच्या रांगेत माणसं उभी नसायची, डबे उभे असायचे. आपला डबा चारने पुढे सरकला का, हे बघायला मला पाठवायचे. गोडं तेल आणि डालडा दुकानातून गायब व्हायचे आणि आठवड्याने चढ्या भावाने उगवायचे. साठेबाज कोण हे सगळ्यांना माहीत, त्यांच्या पाठीशी कोण हेही माहीत. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी या वेगवेगळ्या पक्षांच्या बायकांनी एकत्र येऊन लाटणं बाहेर काढलं, त्यामागे हे होतं. मृणालताई तर आमच्या गोरेगावच्याच, 'पाणीवाली बाई'. आईचा राजकारणाशी संबंध एवढाच, की तेल मिळत नव्हतं.

हे आधी सांगतेय कारण दर जूनमध्ये आणीबाणीची गोष्ट सुरू होते ती २५ तारखेच्या रात्रीपासून. त्याआधी दीड-दोन वर्षं देशभर लोक रस्त्यावर होते आणि ते घटनेच्या कलमांसाठी उतरले नव्हते, हे मधल्यामध्ये गळून जातं. गुजरातचं नवनिर्माण आंदोलन डिसेंबर १९७३मध्ये अहमदाबादच्या एल. डी. इंजिनिअरिंग कॉलेजात पेटलं ते होस्टेलच्या मेसचं बिल वाढलं म्हणून. शेंगदाण्याच्या तेलाचे भाव का भडकले, याचा माग पोरांनी काढत नेला तो थेट मुख्यमंत्र्यांच्या दारापर्यंत. चिमणभाई पटेलांना पोरं उघड 'चिमणचोर' म्हणायची. फेब्रुवारी १९७४मध्ये त्यांनी राजीनामा दिला, मार्चमध्ये विधानसभा बरखास्त झाली. मेसच्या बिलावरून सरकार गेलं! पुढे बिहारमध्ये विद्यार्थ्यांनी विधानसभेला घेराव घातला, जयप्रकाश नारायण त्यात उतरले आणि ५ जून १९७४ला पाटण्याच्या गांधी मैदानावर त्यांनी संपूर्ण क्रांतीची हाक दिली. मे महिन्यात जॉर्ज फर्नांडिसांनी रेल्वेचा संप केला होता, तो सरकारने मोडून काढला. हजारो कामगार आत गेले. आमच्या चाळीतले एक जण वर्कशॉपमध्ये होते, ते पंधरा दिवस घरी झोपले नाहीत.

आता एक गोष्ट सांगते, जी आमच्या घरात कोणाला आठवावीशी वाटत नाही.

१९७४च्या उत्तरार्धात सरकारने मिसा या बिनखटला डांबायच्या कायद्याची कक्षा वाढवली आणि स्मगलर लोकांना उचलायला सुरुवात केली. हाजी मस्तानला पकडला. मुंबईत काय आनंद झाला होता! आमच्या अप्पांनी पेपर मोठ्याने वाचून दाखवला. खटला नाही, पुरावा नाही, कोर्टात उभं करायची गरज नाही. अप्पा म्हणाले, "असंच पाहिजे यांना. वकील लावून सुटतात साले." अख्खी चाळ अप्पांच्या मताची होती. समोरच्या खोलीतले मास्तर तेवढे म्हणाले, "अप्पा, कायद्यात स्मगलर असं नाव लिहिलेलं नसतं." आम्हाला वाटलं, मास्तरांना सवयच आहे आडवं बोलायची.

मास्तर राष्ट्र सेवा दलातले, समाजवादी. शाळेत गणित शिकवायचे, संध्याकाळी चाळीच्या पोरांना फुकट शिकवायचे. मीही त्यांच्याकडे अपूर्णांक शिकले. काकूंचं आणि आईचं साखरेच्या वाटीचं नातं होतं. इकडून रिकामी गेली की तिकडून भरून यायची आणि उलटही. कोणी हिशोब ठेवत नव्हतं.

१२ जून १९७५ला अलाहाबाद हायकोर्टात न्या. जगमोहनलाल सिन्हांनी इंदिरा गांधींची रायबरेलीची निवड रद्द केली. त्याच दिवशी गुजरातचे निकाल लागत होते आणि तिथेही काँग्रेस हरत होती. तेरा दिवसांनी रामलीला मैदानावर जयप्रकाशांची सभा झाली आणि त्याच रात्री आणीबाणीवर राष्ट्रपतींची सही झाली. पहाट व्हायच्या आत जयप्रकाश, मोरारजी आत. चंद्रशेखर तर काँग्रेसच्या कार्यकारिणीचे सदस्य, तेही आत. लगेच मिसामध्ये दुरुस्ती झाली की अटकेचं कारण कैद्याला सांगायचीही गरज नाही. पुढे आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाने जे आकडे मांडले त्यात एकट्या मिसाखाली सुमारे ३५ हजार माणसं, बाकी कायद्यांखालची धरली तर १ लाखाच्या वर.

त्यातला एक आमचा मास्तर. (एकेरी आलं, राहू दे. मायेचं आहे.)

जुलैच्या पावसातली रात्र. जिन्यावर बुटांचा आवाज आला, मग कडी वाजली. मास्तरांचा आवाज अगदी शांत, "सदरा घालतो, थांबा." काकू विचारत होत्या, चश्मा घेतलात का, दुसरा घ्या, त्याची काडी मोडलीय. मी अकरा वर्षांची, उठून दाराकडे निघाले तर अप्पा दारापाशी उभे होते आणि त्यांचा हात आतल्या कडीवर होता. ते दार उघडायला उभे नव्हते. सगळ्या गॅलरीत एकही दार उघडलं नाही. सगळे जागे होते एवढं नक्की, कारण बूट खाली उतरून गेल्यावर चारी बाजूंनी खोकल्याचे आवाज आले.

दुसऱ्या दिवशी अप्पा एवढंच म्हणाले, "त्या घरी फार जाऊ नका."

आणि मग वाटी बंद झाली. कोणी ठरवलं नाही, भांडण झालं नाही. नळावर आई काकूंशी बोलायची, पण इकडेतिकडे बघून. मास्तरांच्या शाळेने पगार थांबवला, तेव्हा काकूंनी पापड लाटायला घेतले. आमच्याकडे त्यांनी ते कधी विकायला आणले नाहीत. नाशिक रोडच्या तुरुंगातून पत्र यायचं, सेन्सॉरचा शिक्का आणि मध्ये दोन-तीन ओळींवर काळी शाई. काकू तो कागद उजेडात धरून काळ्याखालची अक्षरं वाचायचा प्रयत्न करायच्या. मला एकदा दाखवून म्हणाल्या, "तुझे डोळे लहान आहेत, बघ काही दिसतं का." मला 'दात' एवढाच शब्द लागला. पुढे कळलं, मास्तरांची दाढ दुखत होती आणि डॉक्टर मिळत नव्हता. हे राज्याच्या सुरक्षेला घातक!

आणि आम्ही? आम्ही मजेत होतो, हे मला आज लिहायचंच आहे. लोकल वेळेवर यायला लागल्या. अप्पांच्या ऑफिसात लोक साडेदहाला खुर्चीत दिसायला लागले. पाऊस बरा झाला, भाव उतरले, साठेबाज घाबरले. इकडे पवनारला मौनात असलेल्या विनोबांनी 'अनुशासन पर्व' असं लिहून दिलं आणि सरकारला आयती पाटी मिळाली. शिवसेनाप्रमुखांचा आणीबाणीला पाठिंबा, कम्युनिस्टांमधल्या भाकपचाही पाठिंबा. संघाचे सरसंघचालक देवरस येरवड्यात होते आणि तिथून त्यांनी इंदिराबाईंना पत्रंही लिहिली. थोडक्यात, आज जो तो छाती पुढे काढतो, पण तेव्हाचा फोटो काढला असता तर बरेच जण चेहरा फिरवून बसलेले दिसले असते. लाटणं बडवणारी माझी आईसुद्धा. मृणालताई काही महिने भूमिगत राहून पकडल्या गेल्या, अकोल्याच्या तुरुंगात त्यांना एकटीला ठेवलं. आईने ते ऐकलं आणि कणीक मळत राहिली.

उभं राहणारी माणसं होती, पण मोजकी. कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष, केंद्रातले मंत्री, समोर बसलेले. आणि अध्यक्षीय खुर्चीतून दुर्गा भागवत सर्वांना उभं राहून जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सांगतात. जयप्रकाशांची किडनी तोवर गेली होती, जसलोक हॉस्पिटलमध्ये होते. दुर्गाबाईंकडे ना पक्ष ना संघटना. पुढे त्यांनाही अटक झाली, तीसुद्धा एशियाटिकच्या ग्रंथालयातून. पुस्तकांतून उठवून नेलं.

कोर्टाचं काय? तर नऊ हायकोर्टांनी सांगितलं होतं की मिसातला कैदीही हेबिअस कॉर्पस मागू शकतो, म्हणजे आपली कैद कायदेशीर आहे का हे कोर्टाला तपासायला लावू शकतो. २८ एप्रिल १९७६ला सुप्रीम कोर्टाने ते चार विरुद्ध एक असं फिरवलं. विरोधात एकटे न्या. एच. आर. खन्ना. त्याची किंमत त्यांनी मोजली, सरन्यायाधीशपद त्यांना डावलून बेगना दिलं. ज्या चौघांनी हा निकाल दिला त्यात आपले यशवंतराव चंद्रचूडही होते. तो निकाल शेवटी २०१७मध्ये मोडीत निघाला आणि तो मोडणाऱ्यांत त्यांचा मुलगा होता, हा योगायोग सगळ्यांना ठाऊक आहे. मला मात्र कायम आठवतं ते त्याच चौघांतल्या बेगसाहेबांचं निकालातलं वाक्य. सरकार या कैद्यांची काळजी जवळजवळ आईच्या मायेने घेतंय, अशा अर्थाचं. काळ्या शाईखालचा तो 'दात' मी पाहिलेला आहे.

१९७७मध्ये मास्तर सुटले. पंधरा किलो उतरलेले, दाढ गेलेली. चाळीने हार घातला. अप्पांनीच आणला होता. मृणालताई उत्तर मुंबईतून लोकसभेवर गेल्या, मुंबईच्या सहाही जागा काँग्रेसने घालवल्या, आणि 'पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में' म्हणत आम्ही पोरं गॅलरीत नाचलो. पण निकाल नीट बघा. उत्तर प्रदेशात ८५ पैकी शून्य, बिहारमध्ये ५४ पैकी शून्य. तिथे नसबंदीच्या गाड्या गावात फिरल्या होत्या. आंध्रात मात्र काँग्रेसला ४२ पैकी ४१. आणि आपल्या पुरोगामी महाराष्ट्रात ४८ पैकी २०, जवळजवळ निम्म्या. म्हणजे माणसं आत टाकली म्हणून सगळा देश पेटून उठला, ही आपण स्वतःला सांगितलेली छान गोष्ट आहे. ज्यांच्या अंगापर्यंत आलं ते पेटले.

जनता सरकारने १९७८मध्ये मिसा रद्द केला. चव्वेचाळिसावी घटनादुरुस्ती करून 'अंतर्गत अशांतता' हे कारण काढलं, जगण्याचा हक्क आणीबाणीतही गोठवता येणार नाही असं लिहिलं. हे काम मोठं झालं, ते नाकारायचं नाही. पण १९८०मध्ये इंदिराबाई परत आल्या आणि राष्ट्रीय सुरक्षा कायदा, म्हणजे रासुका आला. त्यानंतर सगळ्या रंगांची सरकारं आली, बिनखटला डांबायची हत्यारं मात्र कोणी टाकली नाहीत, उलट नवी घडवली.

आजची तर गंमत अशी आहे की भ्रष्टाचाराविरुद्ध बोलणाऱ्याला आत टाकायची गरजच उरली नाही. भ्रष्टाचाराच्याच आरोपाखाली टाकता येतं. मनी लाँडरिंगच्या कायद्यात जामीन इतका अवघड की खटला उभा राहायच्या आधीच शिक्षा भोगून होते. यातले सगळे धुतल्या तांदळासारखे आहेत असं मी म्हणत नाही, काहींबद्दल माझं मत फारच वाईट आहे. पण त्यातलेच काही जण पक्ष बदलून आले की फाइल थंड होते, हे दिसायला चश्मा लागत नाही. आदिवासींसाठी काम करणारे पाद्री स्टॅन स्वामी दहशतवादविरोधी कायद्याखाली आत होते. ८४ वर्षांचे, कंपवाताने हात थरथरायचे, पाणी पिण्यासाठी नळीचा पेला मिळावा म्हणून कोर्टात अर्ज करावा लागला. जुलै २०२१मध्ये ते मुंबईत कैदेतच गेले, जामिनाचा अर्ज तसाच. त्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज आला होता, "काहीतरी केलं असेल म्हणूनच ना?" पाठवणारा माझा सख्खा भाऊ. अप्पांनी हाजी मस्तानची बातमी वाचली तेव्हा तो माझ्या शेजारी बसला होता.

मिसाबंदींना महाराष्ट्रात २०१८ला मानधन सुरू झालं, २०१९ला सरकार बदललं आणि २०२०ला ते बंद झालं, २०२२ला पुन्हा सरकार बदललं तसं पुन्हा सुरू झालं. मास्तर तोवर गेले होते. काकूंना पत्नी म्हणून मिळालं असतं. मी फॉर्म घेऊन गेले होते. त्या म्हणाल्या, "तुरुंगात गेल्याचे पैसे घेतले असते तर हे रागावले असते." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "दाढेचे दिले तर घेईन." आणि खळखळून हसल्या.

आई गेली त्याच्या आदल्या वर्षी मी तिला विचारलं होतं. म्हटलं, आई, त्या दीड वर्षात तू काकूंकडे साखरेची वाटी कशी गं पाठवली नाहीस? तिला बाकीचं बरंच आठवत नसे, पण हे लगेच आठवलं. पदराने डोळे पुसत म्हणाली,

"अगं, त्या मागायला आल्याच नाहीत."